भावना आणि फसवणूक

समोरच्याचा गैरसमज व्हावा या हेतूने खोटे बोलणे, खरे दडवणे किंवा मनात नसलेला भाव चेहऱ्यावर आणणे म्हणजे फसवणूक. ती थंड डोक्याने, नफातोटा मोजून केली जाते असा समज आहे. प्रत्यक्षात राग, मत्सर, भीती आणि अपराधीपणा त्या हिशेबात आधीच शिरलेले असतात.

रागाचे उदाहरण नागपूर परिसरातल्या संत्राबागांत शोधायला हरकत नाही. फळ झाडावर असतानाच बगीच्याचा सौदा होतो. मागच्या आंबिया बहारात एखादा व्यापारी इसार देऊन पुन्हा फिरकलाच नसेल, तर यंदा आलेल्या भलत्याच व्यापाऱ्याला ‘कळमना मार्केटचा माणूस याच्याहून जास्त देऊन राहिला’ अशी थाप मारताना शेतकऱ्याची जीभ अडखळत नाही. राग एकाचा, भुर्दंड दुसऱ्याला. जेरेमी यिप आणि मॉरिस श्वाइट्झर या संशोधकांच्या २०१६ मधील प्रयोगांतही हेच दिसले: व्यवहाराशी संबंध नसलेला रागसुद्धा दुसऱ्याविषयीची कणव कमी करतो आणि खोटेपणा वाढवतो. मत्सराचा परिणामही याच दिशेने होतो.

अपराधीपणा लगाम घालतो, पण तो लगाम सैल पडत जातो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले, की स्वतःच्या फायद्यासाठी वारंवार खोटे बोलणाऱ्यांच्या मेंदूतील अमिग्डाला या भावनांशी निगडित भागाचा प्रतिसाद क्षीण होतो आणि खोट्याचा आकार वाढतो. शिवाय काहींना फसवण्यातच मजा वाटते. पॉल एकमन या मानसशास्त्रज्ञाने पकडले जाण्याची भीती आणि अपराधीपणा यांच्या जोडीला हा आनंदही नोंदवला आहे.

या भावना चेहऱ्यावर वाचता येतात, हा विश्वास मात्र फाजील आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा खरे-खोटे ओळखण्यात माणसे सरासरी ५४ टक्केच बरोबर निघाली. खोटे पकडणारे म्हणून ओळखले जाणारे पॉलिग्राफ यंत्रही खोटे मोजत नाही. ते श्वास, रक्तदाब आणि त्वचेची विद्युतवाहकता नोंदवते. सीताबर्डीच्या ठाण्यात चौकशीला बोलावलेला निर्दोष माणूसही घामाघूम होतोच. सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संमतीविना अशी चाचणी घेण्यास मनाई केली. संमतीने झालेल्या चाचणीचा निष्कर्षही थेट पुरावा मानला जात नाही.