घरच्या तिखट मेयोनीजमागचा इतिहास

मेयोनीजमध्ये चिली सॉस ढवळायचा, थोडं लिंबू पिळायचं, की तिखट मेयोनीज तयार. दोन मिनिटांच्या या कामाला कसला आलाय इतिहास, असं वाटेल. पण त्या वाटीत भूमध्य समुद्राकाठचं तंत्र आहे, अमेरिका खंडातली मिरची आहे आणि आशियातून आलेल्या दोन बाटल्याही आहेत. हे सगळं एकत्र यायला विसावं शतक सरत आलं होतं.

आधी तंत्र. तेल आणि पाणी कितीही ढवळा, वेगळं होतंच. अंड्याच्या बलकातलं लेसिथिन आणि प्रथिनं तेलाच्या सूक्ष्म थेंबांभोवती आवरण धरतात, म्हणून ते थेंब पुन्हा एकत्र येत नाहीत आणि पातळ तेलाचा घट्ट सॉस होतो. दक्षिण फ्रान्समधल्या प्रोव्हान्समध्ये आणि स्पेनमधल्या कॅटालोनियात लसूण खलबत्त्यात वाटून त्यात थेंब थेंब ऑलिव्ह तेल जिरवायची रीत जुनी आहे. तिच्या मूळ रूपात अंडंही नसतं. मेयोनीजच्या जन्माची कथा मात्र भूमध्य समुद्रातल्या मिनोर्का बेटावरच्या माहोन बंदराशी जोडली जाते. 1756 साली फ्रेंचांनी ते ब्रिटिशांकडून जिंकलं आणि विजयाच्या मेजवानीत हा सॉस प्रथम झाला, असं सांगतात. कथा रंजक आहे, पण तिला त्या काळचा भक्कम आधार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच पाकशास्त्रात हे नाव रुळलं आणि आंतोनां कारेमसारख्या आचाऱ्यांनी त्याला थंड सॉसमध्ये मानाचं स्थान दिलं, एवढं नक्की.

मिरची 1492 नंतर अमेरिका खंडातून जगभर पसरली. मेयोनीजसारख्या तेलकट सॉसशी तिचं इतकं जमतं याचं कारण रसायनात आहे. तिखटपणा देणारं कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात विरघळतं. त्यामुळे तिखट सॉसभर सारखं पसरतं आणि जिभेला एकदम न झोंबता हळूहळू लागतं. आजचं तिखट मेयो सुशीच्या दुकानांतून पसरलं, पण ही जोडी त्याच्या कितीतरी आधी जमली होती. प्रोव्हान्समधला रुई हा लसूण, केशर आणि लाल मिरचीचा सॉस माशांच्या बुयाबेस सूपबरोबर आजही खातात. अमेरिकेतल्या लुइझियानाच्या रेमुलाड या मेयोनीजसारख्या सॉसमध्येही लाल मिरचीची पूड पडते. तिखट मेयोनीज ही अगदी नवी कल्पना मानणं म्हणूनच मला पटत नाही.

नवी आहे ती बाटली. हाताने मेयोनीज करणं धीराचं काम होतं. तेल घाईने ओतलं की ते फुटायचं आणि सगळी मेहनत वाया जायची. न्यूयॉर्कमध्ये जर्मनीहून आलेल्या रिचर्ड हेलमन यांनी 1905 साली दुकान काढलं, तिथलं मेयोनीज गिऱ्हाइकांना आवडलं आणि काही वर्षांत ते बरण्यांमधून विकलं जाऊ लागलं. जपानमध्ये 1925 साली क्यूपी मेयोनीज आलं. त्यात अख्ख्या अंड्याऐवजी फक्त बलक वापरतात, म्हणून त्याची चव अधिक भरीव लागते.

दुसरी बाटली सिराचाची. हा मिरचीचा सॉस मूळचा थायलंडच्या किनाऱ्यावरच्या सी राचा गावाकडचा. व्हिएतनाममधून निर्वासित म्हणून आलेल्या डेव्हिड ट्रान यांनी 1980 साली लॉस एंजेलिसमध्ये सॉसचा व्यवसाय सुरू केला आणि त्यांची कोंबड्याच्या चित्राची बाटली पुढे अमेरिकाभर पोचली. त्याच दशकात अमेरिकेतल्या सुशी रेस्टॉरंटांमध्ये बारीक चिरलेल्या ट्यूनाला तिखट सॉस आणि मेयोनीज लावून रोल होऊ लागले. आज ज्याला आपण तिखट मेयो म्हणतो, त्याची ओळख मुख्यतः तिथून पसरली.

घरी करणाऱ्यांचं काम मात्र एका यंत्राने सोपं केलं. स्वित्झर्लंडच्या रॉजर पेरिंजाके यांनी 1950 साली हँड ब्लेंडरचं पेटंट नोंदवलं. उभ्या, अरुंद भांड्यात एक बलक, चमचाभर मोहरीची पेस्ट, चमचाभर व्हिनेगर, मीठ आणि दीडशे मिलिलिटर तेल घ्यायचं. ब्लेंडर तळाला टेकवून चालू करायचा आणि खालून घट्ट होऊ लागलं की सावकाश वर उचलायचा. मिश्रण फार घट्ट होऊन फुटायला आलं, तर बहुधा बलक नव्हे, पाणी कमी पडलेलं असतं. चमचाभर पाण्याने ते सावरतं. पार फुटलंच तर नव्या बलकात ते थोडं थोडं घालत पुन्हा फेटायचं.

तिखट शेवटी घालावं. अर्ध्या वाटीला एक चमचा चिली सॉस घालून चाखावं, मग हवं तर वाढवावं. सुकी मिरचीपूड असेल तर अर्धा तास फ्रिजमध्ये थांबावं, कारण ती तेलात उतरायला वेळ घेते. विकतच्या मेयोनीजमध्ये सहसा पाश्चराइझ केलेलं अंडं असतं, घरच्यात कच्चं. म्हणून घरी शक्यतो पाश्चराइझ केलेलं अंडं घ्यावं, सॉस सतत फ्रिजमध्ये ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत संपवावा. कच्च्या अंड्याचा सॉस लहान मुलं, गरोदर स्त्रिया आणि आजारी माणसांना देऊ नये.