फवारलं म्हणजे काढलं नव्हे

पावसाळ्यात अलिबाग-मुरूडच्या पुळणीवर समुद्रात सांडलेल्या तेलाचे डांबरासारखे गोळे आले की कुणीतरी हमखास विचारतं, "फवारणी करून तेल नष्ट का करत नाहीत?" या 'नष्ट'चीच मला चीड आहे.

बूम आणि स्किमर सगळ्यांनी बातम्यांत पाहिलेत. बूम म्हणजे पाण्यावरचं तरंगतं कुंपण, ते तवंग अडवतं; स्किमर हे यंत्र तो वरचेवर उचलतं, तेल टाकीत जातं. बस्स.

घोळ होतो तो डिस्पर्संटपाशी, म्हणजे तवंगावर फवारायच्या रसायनापाशी. कालवणावरची तर्री पळीने वाटीत काढली तर ती कालवणातून गेली. त्याच टोपात भांड्यांचा साबण ओतून ढवळलंत तर तर्री दिसेनाशी होईल, पण ते कालवण जेवाल का? डिस्पर्संट हेच करतं. तवंगाचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात खाली उतरतात, पांगतात, पुढे जिवाणू त्यांचा फडशा पाडतात, पण सावकाश. तेवढ्यात वरचे पक्षी नि किनाऱ्यावरचं कांदळवन वाचतं, आणि तेलाची गाठ पडते पाण्यातल्या माशांच्या अंड्या-पिल्लांशी. हा सौदा आहे. बाहेर खोल दर्यात तो परवडतो, कारण तेल विरळ व्हायला पाणी भरपूर असतं. खाडीच्या तोंडाशी, तिसऱ्या-कालवं या शिंपल्यांच्या डोक्यावर फवारायला मात्र माझा साफ विरोध.

शिवाय तेल ताजं लागतं. एक-दोन दिवसांत त्यातला हलका भाग उडून जातो, उरलेलं पाणी पिऊन लगदा होतं, आणि मग फवारा नुसता वरून ओघळतो. पुळणीवरच्या गोळ्यांना तर घमेलं आणि फावडंच.

बूमची बाजू घेतो खरा, पण त्याचीही लाज सांगायला हवी. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली, तेल रायगडच्या कांदळवनात शिरलं. ऐन पावसाळा. उसळत्या लाटांत तेल बूमवरून उडतं. डिस्पर्संटला मात्र ढवळायला त्याच लाटा हव्या असतात. खाडीत वेगळीच अडचण: पाणी सुमारे पाऊण नॉटहून (ताशी साधारण १.४ किलोमीटरहून) जोरात बूमवर काटकोनात आदळलं की तेल खालून निसटतं, आणि उधाणाच्या भरती-ओहोटीची ओढ त्याहून कितीतरी जास्त. म्हणून बूम खाडीला सरळ आडवा टाकत नाहीत, तिरका टाकतात. तेल त्याच्या कडेकडेने संथ पाण्यात सरकतं, आणि स्किमर तिथे लावायचा.