विषाणुसंसर्गानंतरचे मासिक पाळीतील बदल

विषाणूजन्य आजारात किंवा त्यानंतरच्या काही आठवड्यांत पाळीची तारीख, दिवस किंवा रक्तस्राव यांत पडणारा फरक. पाळी पुढे जाणे, एखादी चुकणे, अंगावरून फार किंवा अगदीच थोडे जाणे, गाठी पडणे, दोन पाळ्यांच्या मध्ये डाग दिसणे ही त्याची नेहमीची रूपे. मोठ्या तापानंतर पाळी मागेपुढे होते हे बायकांना ठाऊक होतेच. वैद्यकाने त्याची नीट मोजदाद सुरू केली ती मुख्यतः कोविड-१९ च्या साथीत.

पाळीच्या वेळापत्रकाची सूत्रे मेंदूकडे असतात. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागातून थांबून थांबून सुटणारे संप्रेरक पियुषिका ग्रंथीला चालना देते आणि तिची एफएसएच व एलएच ही संप्रेरके बीजकोशाला (अंडाशयाला). तीव्र ताप, खाणे तुटणे आणि ताण यांमुळे ही साखळी मंदावते व बीज उशिरा सुटते. बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ साधारण दोन आठवड्यांचा असून तो फारसा बदलत नाही. त्यामुळे पाळी आटोपताच आलेला ताप पुढची तारीख लांबवू शकतो; तारखेच्या चार दिवस आधी आलेल्या तापाला तशी संधी उरत नाही. प्रौढ स्त्रीत २४ ते ३८ दिवसांचे चक्र सर्वसाधारण मानतात.

वुहानमधील रुग्णालयात दाखल झालेल्या १७७ कोविडग्रस्त स्त्रियांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा २५ टक्के जणींत रक्तस्रावाचे प्रमाण आणि २८ टक्के जणींत चक्र बदललेले दिसले. बहुतेक वेळा स्राव कमी झाला होता किंवा पाळी लांबली होती. बीजकोशाची संप्रेरके मात्र निरोगी स्त्रियांसारखीच होती आणि घरी गेल्यावर एक-दोन महिन्यांत बहुतेकींची पाळी मार्गावर आली. या सगळ्या दाखल करण्याइतक्या आजारी होत्या. घरीच बऱ्या झालेल्यांना हे आकडे जसेच्या तसे लावणे चूक ठरेल. दीर्घ कोविडचे, म्हणजे संसर्गानंतर महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या त्रासाचे, चित्र वेगळे आहे. ब्रिटनमधील अशा स्त्रियांत जास्त आणि लांबलेला रक्तस्राव अधिक आढळतो, असे एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवले. या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या अस्तरात दाहाच्या खुणा होत्या, बीजकोश मात्र ठीक होते.

कोविड लशींच्या मूळ चाचण्यांत पाळीबद्दल विचारलेच गेले नव्हते. ही उणीव साधी नव्हती, कारण त्या पोकळीत अफवा शिरल्या. एप्रिल २०२१ मध्ये पाळीच्या आधी आणि नंतर पाच दिवस लस घेऊ नका, असा संदेश भारतात व्हॉट्सॲपवर फिरला; केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने (पीआयबी) तो खोटा ठरवला. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील ओरेगॉनच्या संशोधकांनी सुमारे ४,००० जणींच्या नोंदींवरून लशीनंतर चक्र सरासरी एका दिवसाहूनही कमी लांबते, असे दाखवले. जास्त रक्तस्रावाची तक्रारही निराधार नव्हती. ऑक्टोबर २०२२ मध्ये युरोपीय औषध नियामक संस्थेच्या समितीने एमआरएनए प्रकारच्या (फायझर व मॉडर्ना यांच्या) लशींच्या माहितीपत्रकात तिचा समावेश करण्याची शिफारस केली.

महाराष्ट्रात पावसाळ्यात खरी काळजी डेंग्यूची. त्यात प्लेटलेट उतरतात, आणि त्याच दिवसांत पाळी आली तर अंगावरून भरमसाट जाऊ शकते. तारखेआधीच रक्तस्राव सुरू झाल्याचेही दिसते. ताप उतरत असताना असे होणे म्हणजे ‘बरे वाटते आहे’ म्हणून घरी थांबण्याची वेळ नव्हे. पोटदुखीसाठी डब्यात ठेवलेली मेफेनॅमिक ॲसिडची गोळी किंवा आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन या काळात टाळतात, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, पॅरासिटॅमॉल चालते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) राज्यातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. आधीच हिमोग्लोबिन कमी असलेल्या बाईला असा एक आठवडाही झेपत नाही.

पाळी चुकली की संसर्गाकडे बोट दाखवण्याआधी गर्भधारणेची चाचणी करतात. ताप येऊन गेला म्हणून ती शक्यता संपत नाही. सलग तीन महिने पाळी आली नाही, तर थायरॉइड व प्रोलॅक्टिन हे संप्रेरक तपासतात आणि गरजेप्रमाणे सोनोग्राफी करतात. तासातासाला पॅड भिजत असेल किंवा चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे लागते. पंचेचाळिशीच्या आसपास बिघडलेले चक्र आजारामुळे की रजोनिवृत्ती जवळ आल्यामुळे, हे पुढचे काही महिने तारखा लिहून ठेवल्याशिवाय बहुधा कळत नाही.