चादर एकच, मोजायची कितीदा?

सोलापुरात यंत्रमागाच्या कारखान्यात तपासणीचं टेबल बघितलंय? ट्यूबलाइटखाली चादर पसरलेली असते आणि काठावरून बोट फिरवत कामगार सुटलेला धागा शोधत असतो. समजा, असे दोघे आहेत. एक लाल चादरींपैकी दर दहावी बाजूला काढतो, दुसरा डबल मापाच्या चादरींपैकी दर विसावी. आता या दोघांच्या वह्यांवरून लाल किंवा डबल अशा चादरी एकूण किती निघाल्या, ते सांगायचंय. पहिल्याचा आकडा गुणिले दहा, दुसऱ्याचा गुणिले वीस आणि बेरीज? चुकेल. लालही आणि डबलही असलेली चादर दोनदा मोजली जाईल.

जिनिव्हाजवळच्या लार्ज हॅड्रॉन कोलायडरमध्ये, म्हणजे कणांच्या टकरी घडवणाऱ्या यंत्रात, हाच पेच पडतो. 27 किलोमीटरच्या त्या वर्तुळात प्रोटॉनचे पुंजके 25 नॅनोसेकंदांच्या अंतराने भिडतात, सेकंदाला कोट्यवधी वेळा. सगळं साठवणं अशक्य, म्हणून निवड करणारे 'ट्रिगर' असतात. सीएमएस या प्रयोगात (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्थाही त्यात आहे) ट्रिगरांची पहिली फळी सुमारे 4 मायक्रोसेकंदांत निकाल देते. सेकंदाला साधारण 1 लाख टकरी (इथल्या भाषेत 'घटना') पुढे सरकतात आणि संगणकांच्या दुसऱ्या चाळणीनंतर हजारांच्या घरात उरतात. बाकीच्या कायमच्या गेल्या. मला या निर्णयाचं फार दडपण वाटतं.

एक ट्रिगर म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद) शोधतो, दुसरा टकरीतून एका दिशेने उधळलेल्या कणांचे झोत. ज्या घटना फारच वारंवार घडतात, त्यांतली दर दहावी किंवा विसावीच ठेवतात. याला म्हणतात प्रीस्केल. समजा, म्युऑनवाला दर दहावी ठेवतो आणि झोतवाला दर विसावी.

मग दोन ट्रिगरांचा माल एकत्र कसा करायचा? घटना कोणी उचलली हे बघायचं नाही, ती कोणाकोणाच्या अटीत बसत होती हे बघायचं. फक्त म्युऑनची अट पुरी झाली असेल तर ती घटना 10 घटनांच्या जागी धरायची, फक्त झोताची असेल तर 20. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या असतील, तर दोघांच्याही हातून ती निसटण्याची शक्यता 0.9 गुणिले 0.95, म्हणजे 0.855. सापडण्याची 0.145. म्हणून ती 1 भागिले 0.145, साधारण 6.9 घटनांच्या जागी धरायची. दहापेक्षाही कमी! दोन जाळी लावली की मासा सुटणं अवघड होतं, म्हणून सापडलेला प्रत्येक मासा थोड्याच माशांच्या वतीने बोलतो. मात्र दोन्ही ट्रिगरांची निवड एकमेकांवर अवलंबून असता कामा नये.

आणि अटींची नोंद प्रीस्केलच्या आधीची हवी. डबल म्हणून उचललेल्या चादरीचा रंगही वहीत लिहावाच लागतो, लालवाल्याने तिला हात लावलेला नसला तरी.