मॅकफर्सन स्ट्रट

मोटारगाडीच्या, विशेषतः लहान गाडीच्या, पुढच्या चाकांना धरणारा खांब. शॉक अॅब्सॉर्बर व कॉइल स्प्रिंग त्यात एकत्र असतात. वरचे टोक रबरी माउंटमधून बॉडीला आणि खालचे नकलला (चाकाचा हब धरणाऱ्या भागाला) जोडलेले असते. गॅरेजमध्ये ‘जंपर’ म्हणतात, पण तो शब्द साध्या शॉक अॅब्सॉर्बरलाही चालतो.

उगम : हे नाव अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन यांच्यावरून पडले. जनरल मोटर्समध्ये शेव्हरोलेच्या ‘कॅडेट’ या छोट्या गाडीसाठी त्यांनी ही रचना केली. तो प्रकल्प १९४७ मध्ये गुंडाळला गेला आणि ते फोर्डमध्ये गेले. पहिला पेटंट अर्ज १९४७ चा, फोर्डसाठीचा १९४९ चा. कल्पना सर्वस्वी त्यांची होती का, हा वाद आहे. फियाटच्या ग्विदो फोर्नाका यांची १९२० च्या दशकाच्या मध्यातील रचना बरीच जवळची असून फोर्डच्या पेटंटात तिचा निर्देश आहे. फ्रान्समधील कोतँ-देगूत कंपनीच्या गाडीचेही नाव घेतले जाते. खांबाची कल्पना आधीची, पण स्वस्त व मोठ्या उत्पादनाला योग्य मांडणी मॅकफर्सन यांची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पहिली गाडी म्हणून काही ठिकाणी फ्रेंच फोर्ड ‘वेदेत’ दाखवतात. तथापि १९५० च्या ब्रिटिश फोर्ड ‘कॉन्सल’कडे हा मान जाणे अधिक सयुक्तिक. भारतात मारुती ८०० (१९८३) मुळे ही रचना घरोघरी पोचली.

झीज : साधा शॉक अॅब्सॉर्बर फक्त वरखाली चालतो. इथे मात्र चाकाचा आडवा जोरही पिस्टन रॉडवरच येतो, म्हणून रॉड जाड, साधारण २० मिमीचा असतो. तरीही रॉडला सरळ धरणारा गाइड व तेल अडवणारे ऑइल सील झिजतात आणि तेल गळते. सीलजवळचा नुसता तेलकट ओलावा चालतो. ओघळ खालपर्यंत आला असेल तर स्ट्रट गेला. टायरवर ठरावीक अंतराने खळगे पडणे, ब्रेक लावताच गाडीचे नाक दबणे ही आणखी लक्षणे. बॉनेट दाबून सोडण्याची चाचणी पूर्ण मेलेला स्ट्रटच पकडते. अर्धवट झिजलेला तिच्यातून सुटतो. ‘खडखड’ ऐकून लगेच स्ट्रट बदलू नये : पुष्कळदा दोष लिंक रॉडचा (वळणावर गाडीचे कलणे कमी करणाऱ्या स्टॅबिलायझर बारला जोडणाऱ्या दांडीचा) किंवा लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या भुजेच्या) बॉल जॉइंटचा निघतो. मारुती ८०० मध्ये स्टॅबिलायझर बारच आर्मला पुढेमागे धरतो, त्यामुळे आधी त्याचे बूश (सांध्यातली रबरी अस्तरे) पाहावेत. स्टिअरिंग वळवताना स्प्रिंगवर हात ठेवल्यास ती अडून एकदम सुटल्याचा झटका जाणवला, तर वरच्या माउंटचे बेअरिंग जाम आहे.

बदल : डावा-उजवा जोडीने बदलतात. गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घेतात, केवळ जॅकवर नाही. ब्रेकचा होज व एबीएसची (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर स्ट्रटवरच्या ब्रॅकेटमधून सोडवतात. स्ट्रट नकलला जोडणाऱ्या खालच्या दोन बोल्टची जागा रंगाने खुणावतात, कारण कित्येक गाड्यांत तिथेच कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, ठरतो. बोल्ट निघताच नकल बाहेर कलते. तारेने बांधली नाही तर होज ताणतो आणि ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा निखळू शकतो. बॉनेटखाली फक्त माउंटचे नट काढायचे. मधला मोठा नट स्प्रिंग दाबण्याआधी सोडला तर स्प्रिंग माउंटसकट उसळते. घरच्या कामातला खरा जीवघेणा धोका हाच. स्प्रिंग दाबायचे दोन कॉम्प्रेसर समोरासमोर लावून आळीपाळीने थोडे थोडे आवळतात आणि स्प्रिंग बैठकीत सैल हलू लागली की मगच तो नट सोडतात.

नवा स्ट्रट उभा धरून तीन-चार वेळा पूर्ण दाबून-ओढून आतली हवा काढतात. रॉड प्लायरने धरू नये. एक ओरखडासुद्धा नवे सील फाडतो. त्याऐवजी रॉडच्या टोकाला ॲलन की लावतात. बंप स्टॉप (दणका झेलणारा रबरी ठोकळा), धूळरोधक बूट व बेअरिंग त्याच वेळी नवे घ्यावेत. स्प्रिंगचे टोक बैठकीच्या खोबणीत टेकले पाहिजे. सेल्फ-लॉकिंग नट पुन्हा वापरत नाहीत. लोअर आर्मच्या रबरी बूशचा बोल्ट सैल केला असल्यास गाडी चाकांवर उभी राहिल्यावरच कंपनीने ठरवलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने) आवळतात. हवेत आवळला तर बूश पिळलेले राहून लवकर फाटते. शेवटी व्हील अलाइनमेंट करून घेतात.