फ्रिगेट पक्षी : पश्चिम किनाऱ्यावरील आढळ व ओळख

फ्रेगाटिडी कुलातील मोठे, लांब पंखांचे व खोल दुभंगलेल्या शेपटीचे समुद्रपक्षी. या कुलात फ्रेगाटा ही एकच प्रजाती असून तिच्यात पाच जाती मानल्या जातात. त्यांपैकी मोठा फ्रिगेट (फ्रेगाटा मायनर), लहान फ्रिगेट (फ्रेगाटा एरिअल) व ख्रिसमस बेटावरील फ्रिगेट (फ्रेगाटा अँड्र्यूसी) या तीन जाती हिंदी महासागरात आढळतात. भारताच्या मुख्य भूमीच्या किनाऱ्यावर त्या पाहुण्या असून बहुधा नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात किंवा चक्रीवादळानंतर दिसतात. कोकण, गोवा, कर्नाटक व केरळ या पट्ट्यातील नोंदींत लहान फ्रिगेटचे प्रमाण इतर दोन जातींपेक्षा जास्त आहे. ख्रिसमस फ्रिगेटचे दावे अगदी मोजके आहेत.

नामकरण व जुन्या नोंदींचा प्रश्न. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनीअसने १७५८ मध्ये या पक्ष्यांना पाणकोळ्यांच्या प्रजातीत घालून पेलिकॅनस अक्विलस हे नाव दिले. ग्मेलिनने १७८९ मध्ये पेलिकॅनस मायनर ही जात वर्णिली. लासेपेदने १७९९ मध्ये फ्रेगाटा ही स्वतंत्र प्रजाती केली आणि १८४५ मध्ये जी. आर. ग्रे यांनी एरिअल ही लहान जात वेगळी काढली. पुढे एकोणिसावे शतक संपेपर्यंत बहुतेक ग्रंथकार आकाराने मोठ्या सर्व फ्रिगेटांना फ्रेगाटा अक्विला म्हणत व लहानांना एरिअल. ब्लॅनफर्ड यांच्या १८९८ मधील ब्रिटिश हिंदुस्थानच्या पक्षिखंडातही हीच दोन नावे आहेत. मॅथ्यूज यांनी १९१४ मध्ये अँड्र्यूसी ही जात वेगळी केली. १८९७-९८ मध्ये ख्रिसमस बेटाचे सर्वेक्षण करणारे ब्रिटिश म्युझियमचे पुराजीववैज्ञानिक सी. डब्ल्यू. अँड्र्यूज यांचे नाव तिला मिळाले. मॅथ्यूज यांनी त्याच वर्षी अटलांटिक व पूर्व पॅसिफिकमधील मॅग्निफिसेन्स ही जातही वर्णिली. आज अक्विला हे नाव दक्षिण अटलांटिकमधील असेन्शन बेटावर वीण करणाऱ्या जातीपुरतेच उरले आहे.

या इतिहासाचा परिणाम आजच्या याद्यांवर होतो. १९१४ पूर्वीच्या भारतीय नोंदीत ‘अक्विला’ असे लिहिले असेल, तर तो पक्षी मोठा फ्रिगेट असू शकतो किंवा ख्रिसमस फ्रिगेटही. नमुना जपलेला नसेल, तर निवाड्याला आधार राहत नाही. दुसरा घोळ मायनर या नावाचा आहे. मोठ्या फ्रिगेटला हे नाव मिळाले ते पाणकोळ्यांशी तुलना करताना. मात्र नुसते शास्त्रीय नाव वाचणाऱ्याला ती लहान जात वाटते, आणि जुन्या याद्या उतरवून घेताना दोन्ही जातींची अदलाबदल होण्याचा धोका कायम राहतो. काही संकलक अशा नोंदी भूगोलाच्या आधारे मोठ्या फ्रिगेटकडे वर्ग करतात. प्रवीण जे., राजा जयपाल व आशीष पिट्टी यांनी २०१३ मध्ये भारतातील दुर्मीळ समुद्रपक्ष्यांच्या नोंदींचा एकत्रित आढावा घेतला. त्यातली प्रत्येक नोंद तिच्या पुराव्यावर जोखण्याची पद्धत अधिक ग्राह्य वाटते. नमुना, छायाचित्र किंवा नेमके वर्णन नसलेली नोंद ‘फ्रिगेट, जात अनिश्चित’ या सदरात ठेवल्याने कोणाचेही नुकसान होत नाही. तिला जातीचे नाव चिकटवले, तर मात्र ती चूक पुढच्या प्रत्येक यादीत जाते.

घारीपासून वेगळेपण. किनाऱ्यावरील बहुतेक निरीक्षक प्रथम घारच समजतात, कारण मासळी बंदरांवर घारी व ब्राह्मणी घारी सतत घिरट्या घालत असतात. घारीच्या पंखांची टोके बोटांसारखी फाकलेली असतात, तर फ्रिगेटचे पंख टोकाशी निमुळते, अणकुचीदार व मनगटाशी ठळक वाकलेले असतात. घारीच्या शेपटीला उथळ खाच असते. फ्रिगेटची शेपटी लांब व खोल दुभंगलेली असते, पण ती मिटलेली असताना एकच लांब टोक दिसते. लांब, टोकाला आकडीसारखी वळलेली चोच दिसली की संशय उरत नाही. फ्रिगेट पंख न हलवता बराच वेळ तरंगत राहतो आणि सुरय किंवा बूबी या समुद्रपक्ष्यांचा पाठलाग करून त्यांना गिळलेली मासळी ओकायला लावतो. पाठलागाची ही सवय स्कुआ या समुद्रपक्ष्यांनाही असल्याने केवळ तिच्यावरून निर्णय घेऊ नये.

जातीची ओळख. अडचण खरी येथे सुरू होते. लहान फ्रिगेट सु. ७१ ते ८१ सेंमी. लांब असून त्याचा पंखविस्तार १.७५ ते १.९३ मी. असतो. इतर दोघांचा पंखविस्तार २.०५ ते २.३० मी. पर्यंत जातो. मात्र शेजारी तुलनेला दुसरा पक्षी नसेल, तर मोकळ्या आकाशात हा फरक डोळ्याला कळत नाही. आकारावरून केलेली ओळख म्हणूनच दुय्यम समजावी. निर्णायक असते ती खालची बाजू : पोटावर पांढरा रंग कुठून कुठवर आहे आणि तो काखेत शिरतो की नाही.

प्रौढ नरांत ओळख तुलनेने सोपी आहे. मोठ्या फ्रिगेटचा नर खालून पूर्ण काळा असतो. लहान फ्रिगेटच्या नराला दोन्ही बाजूंस कुशीपासून काखेत जाणारा पांढरा पट्टा असतो. ख्रिसमस फ्रिगेटच्या नराच्या पोटावर पांढरा डाग असतो व काखा काळ्या राहतात. नराची फुगणारी लाल गळपिशवी प्रसिद्ध असली, तरी वीण-वसाहतीपासून दूर ती आक्रसलेली असते आणि ओळखीला उपयोगी पडत नाही. प्रौढ माद्यांत मोठ्या फ्रिगेटचा गळा राखी व छाती पांढरी असते. लहान फ्रिगेटच्या मादीचे डोके व गळा काळा, छाती पांढरी व पोट काळे असते आणि पांढरा रंग काखेत शिरतो. ख्रिसमस फ्रिगेटच्या मादीचेही डोके व गळा काळा असतो आणि पांढरा रंग काखेत जातो, परंतु तो पोटावरही बराच मागपर्यंत उतरतो व चोच गुलाबी असते.

वादळाने भरकटून येणाऱ्या पक्ष्यांत अल्पवयीन पक्षी पुष्कळ असतात. तिन्ही जातींच्या अल्पवयीन पक्ष्यांचे डोके फिकट किंवा तांबूस, छातीवर गडद पट्टा व पोट पांढरे असते. २००४ मध्ये डेव्हिड जेम्स यांनी या तिन्ही जातींची तपशीलवार तुलना प्रसिद्ध केली. तेव्हापासून पोटावरील डागाचा आकार हे मुख्य लक्षण मानले जाते : लहान फ्रिगेटमध्ये तो त्रिकोणी, मोठ्यात लंबगोल व ख्रिसमस फ्रिगेटमध्ये षट्‌कोनी असतो. लहान व ख्रिसमस फ्रिगेटच्या अल्पवयीन पक्ष्यांत पांढरा रंग काखेत शिरतो, मोठ्यात सहसा शिरत नाही. डोक्याचा तांबूसपणा पिसे झिजतील तसा फिका पडतो, म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये. प्रौढ पिसारा येण्यास अनेक वर्षे लागतात आणि मधल्या अवस्थांत काळे-पांढरे ठिपके असे मिसळतात की अनुभवी निरीक्षकांचेही एकमत होत नाही.

पावसाळी आकाशाची यात भर पडते. करड्या ढगांसमोर टिपलेल्या छायाचित्रात पक्षी नुसता काळा आकार उरतो, आणि प्रकाश वाढवला तर पांढऱ्या डागाची कड विरघळते. एकाच चित्रावर विसंबण्यापेक्षा पक्षी वळताना, पंख उचललेला असताना व काख उघडी असताना सलग चित्रे घ्यावीत व मूळ चित्रे न कापता जपावीत. चोच, डोके व पाठ स्वच्छ दिसणारे देखणे छायाचित्र अनेकदा जात ठरवायला निरुपयोगी ठरते, तर पोटाचे धूसर चित्र पुरेसे होते.

काळ व निरीक्षणाचा कल. भारतीय हद्दीत फ्रिगेट वीण करत असल्याचे मानले जात नाही. हिंदी महासागरातील वसाहती दूर आहेत. सेशेल्समधील अल्डाब्रा या प्रवाळबेटावर लहान व मोठ्या फ्रिगेटांच्या जगातील मोठ्या वसाहतींपैकी एक आहे. मालदीवमध्येही लहान फ्रिगेट आढळतो. कोकणात येणारा पक्षी नेमक्या कोणत्या बेटावरचा, हे पिसाऱ्यावरून सांगता येत नाही.

जून ते सप्टेंबर हा नोंदींचा मुख्य काळ समजला जातो. याचे कारण वारे हे आहेच, पण निरीक्षणाची परिस्थितीही ध्यानात घ्यावी लागते. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीस सर्वसाधारणपणे १ जून ते ३१ जुलै या काळात बंदी असते आणि पारंपरिक कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवतात. म्हणजे पक्षी किनाऱ्याकडे ढकलले जातात नेमके त्याच आठवड्यांत समुद्रावर पाहणारे डोळे जवळजवळ नसतात. पावसाळी नोंदी त्यामुळे बंदरे, भूशिरे, किल्ले व दीपगृहे यांच्या आसपास एकवटतात आणि खोल समुद्रातील चित्र अस्पष्ट राहते. निसर्ग (३ जून २०२०) व तौक्ते (मे २०२१) यांसारख्या चक्रीवादळांनंतरचे दिवस निरीक्षकांसाठी महत्त्वाचे असतात, कारण अशा वाऱ्यांबरोबर समुद्रपक्षी किनाऱ्यापासून बरेच आतही फेकले जातात. घाटमाथ्यावर किंवा धरणावर दिसलेली ‘विचित्र घार’ अशा दिवसांत दुर्लक्षू नये.

जीवनक्रम. वजनाच्या मानाने पंखांचे क्षेत्रफळ अत्यंत मोठे असल्याने फ्रिगेट फार कमी श्रमात हवेत राहतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनुसार मोझांबिकच्या सामुद्रधुनीतील युरोपा बेटावरील मोठे फ्रिगेट दोन महिन्यांपर्यंत सलग उडत राहिले व ४,००० मी. उंचीपर्यंत गेले, तर गॅलापागोसमधील पक्षी उडताना दिवसाकाठी सरासरी ४२ मिनिटेच झोपत होते. पिसे जलरोधक नसल्याने ते पाण्यावर बसत नाहीत. भक्ष्य पृष्ठभागावरून चोचीने उचलतात किंवा उडणारे मासे हवेतच पकडतात.

ख्रिसमस फ्रिगेटचा विशेष प्रश्न. ही जात ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातील सु. १३५ चौ. किमी. क्षेत्रफळाच्या एकाच बेटावर वीण करते. एका वेळी एकच अंडे घातले जाते, पिलाचे संगोपन वर्षाहून अधिक चालते आणि मादी दोन वर्षांतून एकदाच वीण करू शकते. फॉस्फेटच्या खाणींसाठी झालेली वृक्षतोड व बाहेरून आलेल्या पिवळ्या मुंग्यांनी बदललेले जंगल यांचा तिला धोका आहे. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ती असुरक्षित गटात आहे. वीण-काळाबाहेर तिचा वावर मुख्यतः जावा समुद्र व थायलंडचे आखात यांकडे असतो. २००५ मध्ये उपग्रह-यंत्र लावलेल्या एका मादीने २६ दिवसांत आग्नेय आशियावरून सु. ४,००० किमी. प्रवास केला. अरबी समुद्रातील दाव्यासाठी म्हणूनच पोट व काख दोन्ही स्पष्ट दाखवणारा पुरावा मागणे रास्त आहे.

जमिनीवर सापडलेले पक्षी. आखूड पाय व लांब पंखांमुळे सपाट वाळूवरून फ्रिगेटला उठता येत नाही. पुळणीवर बसलेला पक्षी जखमी असेलच असे नाही, पण थकलेला असतो. त्याला समुद्रात फेकणे जीवघेणे ठरते. कुत्री व कावळे यांपासून आडोसा देऊन वन विभागाला कळवावे. हाताळणाऱ्याने आकडीदार चोचीपासून डोळे जपावेत. पक्षी मेलेला असल्यास पंख पसरून खालच्या बाजूचे छायाचित्र मोजपट्टीसह घ्यावे आणि पंख व चोचीची लांबी नोंदवावी, कारण अल्पवयीन पक्ष्यांत लहान फ्रिगेट इतर दोघांपासून वेगळा करण्यास ही मापे उपयोगी पडतात.