जुनी १० मीटर एअर रायफल घेतलीत? आधी हे तपासा

नेमबाज स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकहून कांस्यपदक आणलं, तेव्हापासून आमच्याकडे, रायफल दुरुस्तीला, पालकांची चौकशी वाढली आहे. त्यांचं पदक ५० मीटरचं. मुलांची सुरुवात मात्र बहुधा १० मीटरच्या एअर रायफलनेच होते. नवी मॅच रायफल दोन-तीन लाखांच्या घरात जाते, म्हणून वापरलेली घेतली जाते आणि थोड्याच दिवसांत तक्रार येते, ‘छर्रे विखुरतात.’

नेमाचं नंतर पाहू. आधी रायफलच्या सिलिंडरवर, म्हणजे दाबाची हवा भरायच्या नळकांड्यावर, कोरलेली तारीख वाचा. दहा वर्षं उलटली असतील तर तो भरूच नका. स्पर्धेतही चालणार नाही. ‘अजून हवा धरतो की,’ असं विकणारा हमखास सांगतो. त्यावर जाऊ नका. आत २०० बार दाब असतो, मोटारीच्या टायरमध्ये जेमतेम सव्वादोन.

आता दोष रायफलचा की नेमबाजाचा, ते ठरवा. रायफल शिकंज्यात किंवा वाळूच्या पिशवीवर पक्की बसवून एकाच टार्गेटवर दहा छर्रे मारा. सगळी भोकं मिळून सहा-सात मिलिमीटरमध्ये मावली, तर रायफल निर्दोष आहे. पैसे दुरुस्तीवर न घालवता प्रशिक्षकाकडे जा.

ग्रुप, म्हणजे सगळ्या भोकांचा पसारा, मोठा आला तर पहिल्यांदा छर्रे बदला. हे इतकं साधं वाटतं की लोकांना पटत नाही. छर्ऱ्याच्या डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर असा मिळतो आणि कुठल्या नळीला कुठला मानवेल, हे मारून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्याआधी नळीतून फेल्टचे बोळे फिरवा, काळं येणं थांबेपर्यंत.

तरीही फरक नाही? दस्त्याचे स्क्रू तपासा. जुन्या रायफलीत ते सैल झालेले असतात. मागची साइट, म्हणजे नेम धरायचं साधन, बोटाने हलवून पाहा. मग तिची चकती चार क्लिक उजवीकडे, चार क्लिक परत. ग्रुप मूळ जागी आला नाही, तर साइटचे आटे झिजलेत.

रायफल थोडा वेळ ठेवल्यावर फक्त पहिला छर्रा वर किंवा खाली जात असेल, तर संशय रेग्युलेटरवर, म्हणजे प्रत्येक छर्ऱ्यामागे हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागावर. तो घरी उघडू नका आणि दाबाच्या कुठल्याही भागात साधं तेल सोडू नका, स्फोटाचा धोका असतो. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात हातपंपाने हवा भरत असाल तर पंपाला ओल शोषणारा फिल्टर हवाच. नाहीतर आत पाणी साचून गंज धरतो.

‘शिकारीसाठी जोर वाढवून द्या’ म्हणूनही कुणी कुणी येतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. ते काम आम्ही घेत नाही.

दुरुस्तीला येताना रायफल रिकामी आणि पेटीत असावी. वापरातली छर्ऱ्यांची डबी आणि मारलेलं टार्गेट सोबत आणा. टार्गेट पाहून अर्धं निदान होतं आणि तपासणीचा वेळ वाचतो.